डुलकी हा गुन्हा नव्हे

मध्यरात्र उलटून गेलेली असते. महामार्गावर मालाने भरलेला ट्रक धावत असतो. चालकाचा क्षणभर डोळा लागतो आणि होत्याचे नव्हते होते. ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन तीन सेकंदांत सुमारे ६६ मीटर अंतर कापते. दुसऱ्या दिवशी बातमी येते, 'चालकाला डुलकी लागल्याने अपघात'. आपण चालकाला दोष देऊन मोकळे होतो. ती डुलकी का लागली, हे मात्र कोणी विचारत नाही.

याचे पहिले कारण म्हणजे कामाचे तास. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ सालीच कायदा झाला. त्याने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून दिली होती. परंतु माल वेळेत पोहोचवण्याच्या घाईत अशी मर्यादा कित्येकदा कागदावरच राहते. पहाटे शरीराला झोप हवी असते, नेमके तेव्हाच चालकाला जागे राहावे लागते.

दुसरे कारण सहसा लक्षात येत नाही. ते म्हणजे 'स्लीप अ‍ॅप्निया', अर्थात झोपेतील श्वासरोध. या विकारात झोपेत घशातील श्वासमार्ग पुनःपुन्हा बंद होतो. रक्तातील प्राणवायू घटतो आणि श्वास घेण्यासाठी मेंदू शरीराला जागे करतो. रात्रभर असे घडत राहिल्याने आठ तास झोपूनही माणूस थकलेलाच उठतो. आपल्याकडे मोठ्याने घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण मानतात. वास्तविक घोरता घोरता मध्येच श्वास थांबणे, ही धोक्याची सूचना असते.

हे संकट केवळ आपल्या देशातले नाही. १ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्क शहरात एक उपनगरी रेल्वेगाडी वळणावर रुळांवरून घसरली व ४ प्रवासी मृत्युमुखी पडले. ताशी सुमारे ४८ किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर गाडीचा वेग सुमारे १३२ किलोमीटर होता. चालक पेंगत होता. त्याने मद्य घेतलेले नव्हते. त्याला हाच विकार होता आणि अपघातापूर्वी त्याचे निदान झालेले नव्हते.

या विकारावर उपचार आहेत. वजन घटवल्याने अनेकांना उतार पडतो. झोपताना नाकावाटे दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र १९८१ पासून ज्ञात आहे. तरीही चालक आपला त्रास लपवतो, कारण तो सांगितला तर नोकरी जाईल, अशी त्याला भीती वाटते. त्याचे पोट त्या चाकावरच अवलंबून असते.

म्हणूनच शिक्षेची भीती घालून हा प्रश्न सुटणार नाही, असे मला वाटते. चालकाची दृष्टी आपण तपासतो, तशीच त्याच्या झोपेचीही चौकशी व्हावी. विकार आढळल्यास त्याला उपचार मिळावेत आणि बरे वाटल्यावर त्याचे काम त्याला परत मिळावे, अशी हमी हवी. घरच्या माणसांनीही त्याच्या घोरण्याला हसण्याऐवजी त्याला डॉक्टरांकडे न्यावे. चालकाची झोप ही त्याची चैन नव्हे. त्याच्या भरवशावर प्रवास करणाऱ्या सर्वांची सुरक्षितता तिच्यावर अवलंबून आहे.