बोन्साय म्हणजे शिवी नव्हे!

वक्तृत्व स्पर्धा असो की गॅदरिंगची एकांकिका, एक वाक्य हमखास कानावर पडतं : "या शिक्षणपद्धतीने आमचं बोन्साय केलं हो!" आणि टाळ्या! बोन्साय म्हणजे कोंडणं, उपाशी ठेवणं, खुरटवणं, असं आपण धरूनच चालतो. मला हे अजिबात पटत नाही.

जपानीत 'बोन' म्हणजे उथळ कुंडी आणि 'साय' म्हणजे लावणं. कला मूळची चीनची, जपानने ती जोपासली. यात झाडाची जात बुटकी नसते. बोन्साय केलेला वड पुन्हा जमिनीत लावा, तो परत मोठा व्हायला लागेल!

उपाशी ठेवण्याचं म्हणाल, तर प्रकार उलटाच आहे. उथळ कुंडीतली माती पटकन सुकते, म्हणून उन्हाळ्यात कधी कधी दिवसातून दोनदा पाणी घालावं लागतं. खत थोडं थोडं, पण नेमाने. मुळं छाटतात तीसुद्धा मारायला नव्हे. जुनी जाड मुळं कापली की बारीक तंतुमुळं फुटतात, आणि पाणी शोषतात ती हीच. 'छाटणी' आणि 'तंतुमुळं' हे शब्द माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला माळीकाकांनी शिकवले. वड-पिंपळाची ही छाटणी पावसाळ्याच्या तोंडावर, दोन-तीन वर्षांतून एकदा करावी म्हणतात.

तारेचं काम तर शुद्ध एस.ओ.एम. आहे. फांदी वाकवली की बाहेरच्या बाजूला टेन्शन, आतल्या बाजूला कॉम्प्रेशन. लगेच सोडली तर स्प्रिंगबॅक! म्हणून फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची ॲल्युमिनियमची तार ४५ अंशांत गुंडाळायची. काही महिन्यांत लाकडाचे नवे थर त्या वाकलेल्या आकारातच तयार होतात आणि फांदी तिथे स्थिरावते. पण फांदी जाड होत असते. तार वेळेवर काढली नाही तर सालीत रुतते. म्हणजे सतत लक्ष हवंच.

झाडाला कोणी विचारत नाही, हे मात्र खरं. पण मित्रांनो, मेसच्या मेथीलाही कोणी विचारत नाही! प्रश्न इतकाच, की हातात घेतलेल्या झाडाची जबाबदारी आपण किती वर्षं घेतो?

वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये एक पाइन आहे. १६२५ पासून तो बोन्साय म्हणून घडवला जातोय. हिरोशिमात यामाकी कुटुंबाकडे तो होता. ६ ऑगस्ट १९४५ ला तिथून सुमारे तीन किलोमीटरवर अणुबॉम्ब पडला. झाड वाचलं. १९७६ मध्ये ते अमेरिकेला, म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्या देशालाच, भेट दिलं गेलं. त्यामागची हकिकत तिथल्या लोकांना कळली ती २००१ मध्ये, यामाकींचे नातू झाड बघायला आले तेव्हा! इतक्या पिढ्यांत एकाच उन्हाळ्यात कोणी पाणी विसरलं असतं तरी संपलं असतं.

म्हणून वाटतं, आपली तक्रारच उलटी हवी. आपलं बोन्साय झालेलं नाही. साठ-सत्तर जणांच्या वर्गात एकेका फांदीकडे इतकं निरखून बघायला वेळ आहे कोणाला?

आता रेक्टर सरांना एक विनंती. हॉस्टेलच्या मागच्या भिंतीत, पाइपांच्या सांध्यात दरवर्षी पिंपळ आणि उंबर उगवतात, आणि दरवर्षी ते तोडून टाकले जातात. भिंत वाचवायला ते काढायलाच हवेत, मान्य! पण यंदा पहिल्या पावसानंतर ती रोपं आम्हाला मुळांसकट काढू द्या. तळाला भोक असलेल्या कुंड्या, भोकावर जाळी, विटांचे चाळलेले तुकडे, जाड वाळू आणि थोडं शेणखत, एवढंच लागतं. कुंड्या गच्चीवर उन्हात राहतील. रूममध्ये ट्यूबलाइटखाली ठेवून पिंपळ जगवता येत नाही.

सुट्टीत पाणी कोण घालणार? त्याची यादी आधी लागेल, मगच कुंड्या येतील. चार वर्षांनी आपण जाऊ, तेव्हा प्रत्येकाने आपली कुंडी एका ज्युनियरच्या हातात द्यायची, तार कधी बांधली ती तारीख लिहून!