न मिळालेल्या पैशांवरचा कर

जीएसटीविषयी तक्रार निघाली की लोक आधी दरावर घसरतात. १८ टक्के म्हणजे फारच झाले, वगैरे. मला दराचं तितकं वाईट वाटत नाही. तो शेवटी गिऱ्हाईक भरतं. माझं भांडण तारखेशी आहे. कर किती यापेक्षा कर कधी, हा प्रश्न छोट्या माणसाला जास्त रडवतो आणि त्यावर कुणी बोलत नाही.

माझं ड्रॉइंग करून देणारं छोटं ऑफिस आहे. समजा मी दोन लाखांचं काम केलं. बिल झालं दोन लाख छत्तीस हजारांचं. आता पुढच्या महिन्याच्या २० तारखेला त्यातले छत्तीस हजार सरकारला गेले पाहिजेत. गिऱ्हाईकाने मला एक पैसा दिला असो वा नसो. उशीर झाला तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. गिऱ्हाईक मात्र 'पेमेंट प्रोसेसमध्ये आहे' म्हणत चार-सहा महिने सहज काढतं. एका बांधकाम कंपनीने मला अकरा महिने असंच बसवून ठेवलं होतं. तेवढे दिवस त्या कंपनीचा कर मी पदरचा भरला, म्हणजे ओव्हरड्राफ्ट काढून भरला. व्याज माझं.

बरं, पैसे आधी आले तर? तरी सुटका नाही. सेवेच्या बाबतीत बिल किंवा पैसे, यांतलं जे आधी होईल तेव्हा कर. माल विकणाऱ्यांना आगाऊ रकमेवरच्या करातून नोव्हेंबर २०१७ मध्ये मोकळं केलं. सेवा देणारे तिथेच राहिले. छापा पडला तरी सरकारचा, काटा पडला तरी सरकारचाच.

हे पूर्वीपासून असं होतं असं कुणाला वाटेल. नव्हतं. सेवाकर १ जुलै १९९४ ला आला तो टेलिफोन, जनरल इन्शुरन्स आणि शेअर दलाल या तीनच सेवांवर, ५ टक्क्यांनी. (गंमत म्हणजे शेवटपर्यंत त्याला स्वतःचा कायदा मिळालाच नाही. १९९४ च्या वित्त कायद्यातल्या पाचव्या प्रकरणावर त्याने तेवीस वर्षं संसार केला.) यादी वाढत गेली, दर १५ टक्क्यांपर्यंत चढला, उपकरांच्या शेपट्या लागल्या, सगळं खरं. पण २०११ पर्यंत साधारण नियम शहाणपणाचा होता: पैसे हातात आले की कर. २०११ च्या नव्या नियमांनी तो बिलाच्या तारखेला बांधला. तेव्हाही ओरड झाली आणि २०१२ मध्ये एक सवलत आली. वर्षाला ५० लाखांपर्यंत सेवा देणाऱ्या व्यक्ती आणि भागीदारी संस्था यांना तेवढ्या रकमेपर्यंत पैसे मिळाल्यावर कर भरायची मुभा मिळाली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ही मुभा गेली. त्या मध्यरात्रीच्या सोहळ्यात हिची आठवण कुणाला असणार?

आता यातला सगळ्यात संतापजनक भाग. गिऱ्हाईकाने बिल मिळाल्यावर माझ्या कराचं क्रेडिट घेतलं आणि १८० दिवसांत मला पैसे दिले नाहीत, तर कायदा त्याला ते क्रेडिट व्याजासह परत करायला लावतो. ऐकायला छान वाटतं. पण ते परत जातं कुणाकडे? सरकारकडे. मी भरलेले छत्तीस हजार आधीच तिथे आहेत. म्हणजे ज्या व्यवहारात एक रुपयाही हललेला नाही, त्याचा कर सरकारने माझ्याकडून घेतला आणि त्याचं क्रेडिट समोरच्याकडूनही काढून घेतलं. त्याने नंतर पैसे दिले तर त्याचं क्रेडिट पुन्हा सुरू होतं. तो बुडाला तर? बुडीत उधारीवर भरलेला कर परत मिळण्याची सोय जीएसटीत नाही. क्रेडिट नोट काढावी म्हटलं तर ती काम सदोष निघालं, रक्कम जास्त लावली अशा कारणांसाठी आहे. गिऱ्हाईक लबाड निघालं हे त्यात बसत नाही.

यावर उत्तरं ठरलेली असतात. एमएसएमई कायदा आहे ना, ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाही तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज! आहे, २००६ पासून आहे. तक्रार करा आणि पुढचं काम विसरा. आयकरातही आता सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे वेळेत न देणाऱ्याला त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही. चांगलं आहे. पण सर्वात उशिरा पैसे देणारं गिऱ्हाईक अनेकदा सरकारी खातंच असतं आणि त्याला कसला आयकर!

दुसरं उत्तर आमच्याच लोकांचं: प्रोफॉर्मा द्यायचा आणि पैसे आले की खरं बिल फाडायचं. निम्मं शहर हेच करतं. पण काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत बिल काढणं बंधनकारक आहे. नाही काढलं तर कर काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे तपासणी आली की अडकलात.

पैसे मिळाल्यावर कर म्हटलं की बनावट बिलांची भीती पुढे करतात. देणारा कर भरणार नाही आणि घेणारा क्रेडिट उचलेल, अशी. मग क्रेडिटही पैसे दिल्यावरच द्या की! १८० दिवसांच्या नियमाने क्रेडिट आणि पेमेंट यांची गाठ तशीही मारलेली आहे, ती पहिल्या दिवसापासून मारा. ब्रिटनमध्ये साडेतेरा लाख पौंडांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला पैसे आल्यावर व्हॅट भरता येतो. तिथला खजिना काही ओस पडला नाही.

जीएसटी परिषदेला यासाठी समिती नेमायचीही गरज नाही. सेवाकराच्या नियमांतलं २०१२ चं ते परंतुक उचलून इकडे ठेवावं, आणि ५० लाखांचा आकडा तेव्हाच्या महागाईचा आहे, तेवढा वाढवावा.