घरचा वाय-फाय राउटर बदलावा काय?

बाजारात वाय-फाय ६ आले आणि जानेवारी २०२४ पासून वाय-फाय ७ ची प्रमाणित यंत्रेही आली. घरचा जुना राउटर हे नवे प्रकार चालवील काय? उत्तर सरळ आहे : नाही. फरक आतल्या चिपचा असतो; नुसते सॉफ्टवेअर सुधारून तो भरून निघत नाही. मात्र नवा मोबाईल जुन्या राउटरवरही चालतो. फक्त चाल जुन्याची राहते.

म्हणून धानाचे पैसे खर्चण्यापूर्वी गावात आलेली जोडणी तपासावी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको, की मामा तलावातूनच पाणी बारीक येत असेल, तर बांधीकडचा पाट रुंद करून उपयोग नाही. राउटरजवळ बसूनही वेग कमीच असेल, तर दोष बहुधा बाहेरच्या जोडणीचा. जवळ चांगला आणि मागच्या खोलीत कमी असेल, तर राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. मातीच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्‌झपेक्षा २.४ ची लहर बरी जाते.

राउटर बिघडला किंवा कंपनीने त्याच्या सुरक्षेच्या सुधारणा थांबवल्या, तर मात्र बदलावा. तेव्हाही साध्या घराला वाय-फाय ६ पुरे.