बातमी, प्रसिद्धी आणि आपली महाविद्यालये

बारावीचे निकाल लागले की महाविद्यालयांच्या आवारात प्रवेशाची लगबग सुरू होते. गेल्या काही वर्षांत कला शाखेच्या फलकांमध्ये एका नव्या फलकाची भर पडली आहे : 'संज्ञापन, जनसंपर्क व पत्रकारिता'. एकेकाळी पत्रकारितेचे रीतसर शिक्षण घ्यायचे तर पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटची किंवा मुंबई-नागपूरची वाट धरावी लागे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने हे शिक्षण नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांच्या आवाक्यात आणले. विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत सामुदायिक महाविद्यालयांची योजना आखली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यवसायशिक्षणाला पदवीच्या मुख्य प्रवाहात स्थान दिले. ही सारी पावले स्वागतार्हच आहेत. परंतु एका फलकावर शेजारी शेजारी लिहिलेले हे विषय एकाच प्रकृतीचे नाहीत, हे विसरून चालणार नाही.

सामुदायिक महाविद्यालय ही कल्पना मूळची अमेरिकेतील. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली तिचा आरंभ झाला. गावातल्या मुलाने गावातच राहून, कमी खर्चात, परिसराला उपयोगी पडणारे शिक्षण घ्यावे, हा तिचा गाभा. पत्रकारितेला ही कल्पना विशेष लागू पडते. कारण महानगरातला बातमीदार ज्याच्याविषयी लिहितो त्याला पुन्हा कधी भेटेलच असे नाही, तालुक्यातल्या बातमीदाराची मात्र त्याच्याशी दुसऱ्याच दिवशी एस. टी. स्थानकावर गाठ पडते. त्याची परीक्षा अधिक कठीण असते आणि म्हणूनच त्याची तयारीही अधिक पक्की हवी.

जनसंपर्क हा काही हीन व्यवसाय नव्हे. १९०६ साली अमेरिकेतील कोळसा खाणमालकांचे काम पाहणाऱ्या आयव्ही ली या माजी बातमीदाराने वृत्तपत्रांना एक निवेदन पाठवले. आमचे काम उघडपणे चालेल, माहिती अचूक असेल आणि ती पडताळून पाहू इच्छिणाऱ्या संपादकाला आम्ही साहाय्य करू, असा त्याचा आशय होता. ली यांचे पुढील आयुष्य वादातीत नव्हते. पण जनसंपर्काची मर्यादा त्या निवेदनात नेमकी सांगितलेली आहे. आपल्या संस्थेची बाजू मांडणे हे जनसंपर्काचे काम. ती खरी आहे की नाही हे तपासणे हे पत्रकारितेचे. दोन्ही कामे प्रामाणिकपणे करता येतात. मात्र एकाच माणसाने एकाच वेळी दोन्ही करायची म्हटली, की प्रामाणिकपणा संपतो.

ही सीमारेषा पुसली गेली की काय होते, ते महाराष्ट्राने २००९ च्या निवडणुकांत पाहिले. उमेदवारांची स्तुतिस्तोत्रे बातमीच्या रूपात छापली गेली आणि 'पेड न्यूज' हा शब्द मराठी वाचकाच्या कायमचा ओळखीचा झाला. प्रेस कौन्सिलने २०१० साली त्यावर अहवाल दिला. रोगाचे मूळ मात्र निवडणुकीपुरते मर्यादित नाही. तालुक्याचा वार्ताहर अनेकदा तुटपुंज्या मानधनावर काम करतो आणि वाढदिवसाच्या जाहिरातींवरील कमिशनवर घर चालवतो. सकाळी ज्याच्याकडे जाहिरात मागायची, त्याच्याच रस्त्याच्या कंत्राटाची चौकशी तो संध्याकाळी कोणत्या बळावर करणार? हा प्रश्न अभ्यासक्रमात नसेल, तर पदविकेचा कागद भिंतीवर टांगण्यापुरताच उरेल.

मग वर्गात शिकवावे काय? पहिला पाठ आपल्याच इतिहासात आहे. टिळक-आगरकरांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल उभे करण्यात भाग घेतला आणि पुढच्याच वर्षी 'केसरी' व 'मराठा' सुरू केले. शाळा आणि वृत्तपत्र ही त्यांच्या लेखी लोकशिक्षणाचीच दोन अंगे होती. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविरुद्ध या पत्रांनी जो मजकूर छापला, त्याचा आधार असलेली पत्रे बनावट ठरली आणि १८८२ साली या दोघांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. हेतू शुद्ध होता, अन्यायाची चीड खरी होती. पण कागद खोटा होता. शुद्ध हेतू पडताळणीची जागा घेऊ शकत नाही, हे इतक्या मोठ्या माणसांच्या उदाहरणाने शिकवता येते, हे आपले भाग्यच म्हणायचे. हातातल्या मोबाइलवरून एका क्षणात शंभर गटांत मजकूर पुढे ढकलणाऱ्या पिढीला याहून समयोचित धडा कोणता?

दुसरा पाठ भाषेचा. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेसाठी एक संपूर्ण समास दिला आहे. नेटके अक्षर, शुद्ध लेखन हा त्यांच्या लेखी गौण विषय नव्हता. आज ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक वाचून त्याचा अर्थ शेतकऱ्याला समजेल अशा चार वाक्यांत सांगणे, २००५ च्या कायद्याखाली माहितीचा नेमका अर्ज लिहिणे, ग्रामसभेत बसून टिपणे घेणे, हे ज्याला साधले तो पत्रकार झाला. यासाठी महागडा स्टुडिओ लागत नाही. चांगला शिक्षक, एक वही आणि पायपीट करण्याची तयारी लागते.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. एका तालुका महाविद्यालयात आम्ही विद्यार्थ्यांपुढे रक्तदान शिबिराचे एक प्रसिद्धिपत्रक ठेवले. त्यात व्यासपीठावरील अकरा मान्यवरांची नावे होती, स्वागत कोणी केले आणि आभार कोणी मानले तेही होते. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, रक्त किती जणांनी दिले?" ते त्यात नव्हते. पत्रक आपल्याच परिचयातील मंडळींनी काढलेले होते, हे नमूद केलेच पाहिजे. सेवाकार्य करणाऱ्या संस्थांनी आपले पत्रक आधी त्या मुलीच्या दृष्टीने वाचावे. काम खरे असेल तर आकडा द्यायला संकोच कशाचा? आणि आपल्या कार्यक्रमाबद्दल असा अवघड प्रश्न कोणी विचारला, तर त्याला विरोधक ठरवण्याची घाईही नको.

समाजाकडून आणखीही काही घडू शकेल. निवृत्त संपादक व मराठीच्या प्राध्यापकांनी आठवड्याचे दोन तास जवळच्या महाविद्यालयास द्यावेत. स्थानिक साप्ताहिकांनी विद्यार्थ्यांना उमेदवारीची संधी द्यावी. आणि वाचकांनी वार्षिक वर्गणी वेळेवर भरावी. कारण वाचकाने पैसे दिले नाहीत, तर ते देणारा दुसरा कोणीतरी असतोच, आणि मग बातमीही त्याचीच होते.

१८३२ साली बाळशास्त्री जांभेकर या तरुण विद्वानाने 'दर्पण' सुरू केले. पुढे एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन करणारे हे पहिले मराठी संपादक. नाव त्यांनी विचारपूर्वक निवडले असणार. आरसा समोरच्याला सुंदरही करत नाही आणि कुरूपही करत नाही. नव्या वर्गांतून बाहेर पडणाऱ्या मुला-मुलींच्या हाती असा स्वच्छ आरसा देता आला, तरच त्या फलकाचे सार्थक होईल.