कच्च्या मडक्यांवर विनोदाचे थापटणे

विनोद ही समाजाला जागे ठेवणारी शक्ती आहे, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. एकनाथ महाराजांनी भारुडांतून दंभाची टोपी उडविली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’नी रूढींच्या आंधळ्या भक्तांना चिमटे काढले. आचार्य अत्र्यांनी ‘बुवा तेथे बाया’ या नाटकात भोंदू बुवाला भर रंगमंचावर उघडे पाडले. या परंपरेला एक अलिखित मर्यादा होती. आसूड ओढायचा तो दांभिकावर आणि सबळावर. दुबळ्याच्या पाठीवर नव्हे. गेल्या तीन-साडेतीन दशकांत पडद्यावरील विनोदाने ही मर्यादा पार धुळीस मिळविली आहे.

‘मस्त कलंदर’ (१९९१) मधील पिंकू आठवावा. केस रंगविलेला, मुरका मारणारा हा इसम कथेत होता तो केवळ खिदळण्याची सोय म्हणून. ‘दोस्ताना’ (२००८) मध्ये घर भाड्याने मिळावे म्हणून दोन तरुण समलिंगी असल्याची बतावणी करतात आणि ती बतावणी हाच सारा विनोद ठरतो. दूरचित्रवाणीवरील हास्य कार्यक्रमांनी तर हा माल घरोघर पोहोचविला. विनोद सुचला नाही की एका नटाने कंबर लचकवावी, दुसऱ्याने किंचाळावे आणि परीक्षकांनी पोट धरून हसावे! बालगंधर्वांची स्त्रीभूमिका ज्या रंगभूमीने आदराने मस्तकी धरली, तिच्या वारसदारांची ही अवनती आहे.

धाराशिवच्या वर्गातील तो मुलगा

प्रश्न केवळ अभिरुचीचा असता, तर नाक मुरडून पुढे जाता आले असते. परंतु मुंबईच्या चित्रीकरणगृहातील हा विनोद धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा येथील शाळेच्या मधल्या सुट्टीत उतरतो, तेव्हा तो विनोद राहत नाही. ज्याचा आवाज नाजूक आहे, ज्याला मैदानापेक्षा रांगोळी आवडते, त्याला ‘बायल्या’ हे नाव पडते. स्नेहसंमेलनात त्याची नक्कल होते, शिक्षक हसतात आणि पालकही हसतात. त्याच प्रेक्षकांत असा एखादा मुलगा बसलेला असतो, ज्याला स्वतःविषयीचे सत्य नुकते कुठे उमगू लागले आहे. तोही हसतो; हसला नाही तर ओळखला जाईल, या भीतीने हसतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलावर असे हसण्याची वेळ आणणारा समाज स्वतःला संस्कारी म्हणवून घेऊ शकतो काय?

याच जिल्ह्यातील तेर ही संत गोरोबाकाकांची भूमी. संतमेळ्यात गोरोबांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक तपासले आणि नामदेवांचे मडके कच्चे असल्याचे सांगितले, ही कथा घरोघर ठाऊक आहे. त्या कथेचा उत्तरार्ध मात्र सोयीने विसरला जातो. कच्चे ठरलेल्या नामदेवांना कोणी वाळीत टाकले नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले आणि संतमेळ्यातच मानाने राहिले. कुंभार मडके तपासतो ते फोडण्यासाठी नव्हे. किशोरवय हे कच्चेच मडके असते, आणि आजचा विनोद त्यावर थापटणे हाणतो आहे तो केवळ फुटण्याचा आवाज ऐकण्याच्या हौसेने.

परदेशी खूळ कोणते?

‘हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे’, असे म्हणून विषय झटकणारे पुष्कळ आहेत. त्यांनी इतिहास तपासावा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारे कलम ३७७ येथे आले ते १८६० च्या दंडसंहितेतून, मेकॉलेच्या परंपरेतून. इंग्लंडने आपल्या घरातील असा कायदा १९६७ मध्ये शिथिल केला. येथे मात्र ते जोखड ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत प्रौढांच्या मानेवर राहिले. परकीयांनी दिलेली शरम आपली संस्कृती म्हणून मिरविणे, याला स्वत्व म्हणत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये ‘पांचजन्य’ व ‘ऑर्गनायझर’ला दिलेल्या मुलाखतीत सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी जरासंधाच्या हंस व डिंभक या सेनापतींचा दाखला देत, अशी माणसे समाजात पूर्वीपासून आहेत आणि त्यांनाही आपण समाजाचाच भाग आहोत असे वाटले पाहिजे, असे सांगितले. हे ऐकल्यानंतरही ज्यांना शाळकरी मुलाची टिंगल हे संस्कृतिरक्षण वाटते, त्यांनी संस्कृती नेमकी कोणाकडून शिकली?

‘उपचारा’चा बाजारही असाच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे ‘परिवर्तन उपचार’ करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. तरीही ‘लग्न लावून द्या, सगळे ठीक होईल’ हा सल्ला देणारे गल्लोगल्ली आहेत. त्या लग्नात एका निरपराध मुलीच्या आयुष्याची राख होते, याचा विचार कुटुंबव्यवस्थेचे कैवारी करणार की नाही?

हसू कोणीकडे वळवावे?

अमेरिकेत १९९९ मध्ये ‘बट आय अॅम अ चीअरलीडर’ हा उपहासपट निघाला. मुलीच्या वागण्याचा संशय आल्याने आईवडील तिला ‘सुधारणा’ शिबिरात धाडतात. तेथे मुलींना गुलाबी पोशाखात घर पुसावयास आणि मुलांना निळ्या पोशाखात लाकडे फोडावयास शिकवून ‘सरळ’ केले जाते. दिग्दर्शिका जेमी बॅबिट यांनी सारे हसू वळविले ते त्या शिबिराच्या खुळचटपणावर, मुलांवर नव्हे. तेथील सारेच अनुकरणीय नाही. परंतु उपहासाचे हे भान आपल्या भारुडाच्या जातीचे आहे, एवढे मान्य करावे लागेल.

हिंदीत ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’ (२०२०) ने मुलाच्या प्रेमावर न हसता काळी फुलकोबी पिकविणाऱ्या हट्टी बापावर हसविले. ‘बधाई दो’ (२०२२) ने दिखाऊ लग्नाची फजिती मांडली. मराठीत रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळविले. तो विनोदी चित्रपट नाही. पण सुतकासाठी गावी आलेल्या मुलाला समजून घेणारी आई त्यात आहे. खेड्यातला आईबाप म्हटला की तो अडाणी आणि निर्दयच असणार, असे गृहीत धरणाऱ्या महानगरी पुरोगाम्यांनाही ते सणसणीत उत्तर आहे. मिरवणुकीतील घोषणांनी मुलाला बळ मिळत असेलही. पण जेवणाच्या ताटावर बसलेल्या बापाने नेहमीच्याच आवाजात ‘बस, जेव’ म्हणणे, यासारखे बळ दुसरे नाही.

मराठीत आता असा उपहासपट हवा, ज्यात धाराशिवचा एखादा मुलगा स्वतःला ओळखतो आणि फजिती होते ती त्याला ‘सुधारू’ पाहणाऱ्या बुवाची, लग्न जुळविणाऱ्या मामाची, हसणाऱ्या मास्तरांची. तो निघेल तेव्हा निघेल. तोवर प्रत्येक घराने एवढे करावे: दूरचित्रवाणीवर पुन्हा कोणाची कंबर लचकली आणि घर हसू लागले, तर त्या हसण्यात आपले मूल गप्प तर झालेले नाही ना, इकडे लक्ष द्यावे. आणि झाले असेल, तर तो संच तत्काळ बंद करावा.