कायदा अमेरिकेचा, धास्ती जगाला
रशियन प्रोग्रॅमर दिमित्री स्क्ल्यारोव्हला जुलै २००१मध्ये लास व्हेगासच्या परिषदेत बोलून मायदेशी निघताना अटक झाली. अ‍ॅडोबीच्या ई-पुस्तकांचं कुलूप उघडणारं सॉफ्टवेअर त्याने रशियन कंपनीसाठी लिहिलं होतं. रशियात तो गुन्हा नव्हता. अमेरिकेच्या १९९८च्या कॉपीराइट कायद्याने तो गुन्हा ठरवला. डिसेंबरपर्यंत त्याला घरी परतता आलं नाही. अशाच अटकेच्या भीतीने ब्रिटनचा प्रोग्रॅमर अ‍ॅलन कॉक्सने अमेरिकेतल्या परिषदेच्या समितीचा राजीनामा दिला, डच तज्ज्ञ नील्स फर्ग्युसनने संशोधन प्रसिद्धच केलं नाही. ही भीती अवास्तव म्हणता येणार नाही. सॉफ्टवेअर अमेरिकेत विकलं जात होतं, हा आक्षेप खरा. पण त्याचा जाब कंपनीला विचारावा, पगारी प्रोग्रॅमरला कोठडी कशासाठी? शिवाय डिसेंबर २००२मध्ये ज्यूरीने कंपनीलाही निर्दोष ठरवलं. कुलपातली खोट दाखवणाऱ्याला फौजदारी कलमांतून स्पष्ट सूट मिळालीच पाहिजे.