तिरका शॉकअप आणि हरवलेले गुण



रिकामा टेम्पो खड्ड्यांतून जाताना केवढा खडखडाट करतो, ऐकलाय ना? आणि तोच पोत्यांनी भरला, की कसा शहाण्यासारखा चालतो! याचं कारण शोधायला आज आपण अमेरिकेतल्या जुन्या पिकअप गाड्यांच्या पोटाखाली डोकावणार आहोत.

पिकअप म्हणजे पुढे बसायची केबिन आणि मागे सामानाचा उघडा हौदा. फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या मॉडेल-टी गाडीला कारखान्यातच असा हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकायला काढली. मागच्या चाकांवर ओझं यायचं, म्हणून अशा गाड्यांच्या स्प्रिंगा, म्हणजे पोलादी पाटे, चांगले ताठ असतात. हौदा रिकामा असला की ते पाटे दबतच नाहीत, आणि गाडी टणाटण उडते.

स्प्रिंगचा स्वभाव मोठा प्रामाणिक, बरं का! खड्ड्यात जेवढा धक्का घेईल तेवढा ती परत देते. म्हणून गाडी एकदा उसळली की उसळतच राहते. ही उसळी जिरवतो तो शॉकअ‍ॅब्सॉर्बर, आपल्या गॅरेजवाल्यांचा ‘शॉकअप’.

त्याचं काम समजायला पिचकारी आठवा. हळू दाबली तर सहज दबते, जोरात दाबायला मात्र बळ लागतं. शॉकअपच्या नळीत तेल असतं, आणि त्यात बारीक भोकं असलेला दट्ट्या. दट्ट्या जितक्या वेगाने हलेल, तितका तेलाचा विरोध जास्त. उसळीची ताकद तेल तापवण्यात खर्च होते आणि गाडी शांत होते.

आता खरी गंमत. तोच शॉकअप उभा बसवला आणि तिरका बसवला, तर काम सारखंच होईल का? चला, वही काढा!

पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक टिंब द्या. तिथून सरळ खाली २० सेंटिमीटरची रेघ ओढा. हा उभा शॉकअप. त्याच टिंबापासून ४५ अंश कललेली २० सेंटिमीटरची दुसरी रेघ ओढा. हा तिरका. आता चाक २ सेंटिमीटर वर उचललं गेलं असं समजा. दोन्ही रेघांच्या खालच्या टोकांपासून सरळ वर २ सेंटिमीटरवर खुणा करा आणि वरच्या टिंबापासूनचं अंतर पुन्हा मोजा. उभी रेघ २ सेंटिमीटरने आखडली. तिरकी? साधारण १.४!

म्हणजे चाक तेवढंच हललं, पण तिरक्या शॉकअपचा दट्ट्या कमी हलला. त्यामुळे विरोध शंभरातून सत्तरावर आला. आणि हा विरोधही तिरका! त्यातला सरळ वर-खाली कामी येणारा भाग पुन्हा सत्तर टक्केच. सत्तराचे सत्तर टक्के म्हणजे ४९. पाहिलंत? वजावट दोनदा झाली आणि जवळजवळ निम्मी ताकद वाया गेली!

आपण गुणपत्रिकाच मांडू. उभ्या शॉकअपला १०० गुण दिले, तर २० अंश कललेल्याला ८८, ३० अंशांना ७५ आणि ४५ अंशांना फक्त ५०.

मग तिरका बसवतातच कशाला? कारण हौद्याखाली उंची कमी असते. लांब शॉकअप उभा मावत नाही, थोडा कलता केला की मावतो. १९७० च्या दशकातल्या शेवरोले पिकअपमध्ये तर मागचा एक शॉकअप आसाच्या पुढे आणि दुसरा मागे असायचा. जोरात वेग घेताना किंवा ब्रेक लावताना आस थडथडू नये, म्हणून ही युक्ती. इंजिनियर लोक कल आधी ठरवतात आणि त्याला पुरेल असा शॉकअप निवडतात.

घोटाळा होतो तो नंतर. जुनी पिकअप हौसेने दुरुस्त करताना काहीजण ती जमिनीलगत बसकी करतात आणि जागा मिळेल तिथे शॉकअप जोडून टाकतात. शॉकअप कोरा करकरीत, पण फार कललेला! त्यातून चाक वर उचललं जाताना तो आणखीच कलतो. म्हणजे मोठ्या धक्क्याला, जेव्हा त्याची खरी गरज, तेव्हाच तो दुबळा पडतो. मग रिकाम्या गाडीचं मागचं चाक उसळून रस्ता सोडतं. आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? गाडी थांबते ती चाकाने रस्ता धरला तरच.

तेव्हा दोस्तांनो, वस्तू किती भारी आहे एवढंच पाहू नका, ती कशी बसवली आहे हेही पाहा.

जाता जाता एक कोडं: शॉकअप ६० अंश कलला, तर किती गुण? वही-पेन्सिल घेऊन आधी स्वतः शोधा हं!

(उत्तर: दट्ट्या साधारण निम्माच हलतो आणि विरोधही निम्माच कामी येतो. निम्म्याचे निम्मे, म्हणजे फक्त २५ गुण. नापास!)